मणी तपासला, ओहोळ राहिला

शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि एक किलो चुना, की झाले एक टक्क्याचे बोर्डो हे बुरशीनाशक. निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला हे झोपेतही सांगता येईल. मूळ कृती मात्र फ्रान्सची. अमेरिकेतून गेलेल्या डावणी या वेलींच्या रोगाने १८७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या बागा धरल्या. बोर्डोकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळसर पाणी मारत, ते चोरांनी घडांना हात लावू नये म्हणून. नेमक्या त्याच वेली हिरव्या राहिल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरले आणि १८८५ मध्ये उपाय जाहीर केला.

मोरचुदातले तांबे ही मूलद्रव्याची जात, ती कुजत नाही. बाकीची बरीच औषधे उन्हात, मातीत विघटित होतात, तांबे साचत जाते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की फवारणी धुऊन जाते, मग पुन्हा ब्लोअरने फवारा. बागलाणात तर अगाप, म्हणजे हंगामाआधीची, छाटणी भर पावसाळ्यातच. धुपलेल्या मातीबरोबर तांबे ओहोळात उतरते. आधी शेवाळ मार खाते, मग ते खाणाऱ्या गोगलगायी. माशाच्या कल्ल्यांतून क्षार आत घेण्याची क्रियाच बिघडते. पाणी जड, म्हणजे चुन्यासारखे क्षार जास्त असलेले, असेल तर विषाची धार थोडी कमी होते, पण पहिल्या पुराचे पाणी हलके असते.

खताची कथा वेगळी. नायट्रेट झिरपून विहिरीत जाते, फॉस्फेट गाळाबरोबर वाहते. पाणवेली माजते, पहाटे पाण्यातला प्राणवायू अगदी कमी होतो. दगडाखालचे, शेपटीला तीन धागे असलेले नाजूक किडे जातात आणि चिखलातल्या लाल अळ्या तेवढ्या तग धरतात. नाशिक शहराच्या खालच्या प्रवाहात सांडपाणीही यात मिसळते, त्यामुळे शेतीचा वाटा तिथे वेगळा काढणे कठीण. तो पाहायचा तर वर गाव नसलेला ओहोळच गाठावा.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला आणि युरोपने आपली द्राक्षे अडवली. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. त्यानंतर निर्यातीच्या मालाच्या उर्वरित अंशांची तपासणी आणखी कडक झाली. पण तिचा रोख मण्यावर, कारण खाणारा परदेशी ग्राहक मणी खातो.

कादवा आणि गोदावरी नांदूर मध्यमेश्वरला भेटतात. २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेल्या त्या उथळ जलाशयात दोन्ही खोऱ्यांतला गाळ बसतो, आणि हिवाळ्यात बदके त्याच गाळात चोच खुपसून चरतात.