थायरॉइडची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि अंगदुखी

"गोळी सुरू केल्यापासून गुडघे धरतात, पोटऱ्यांत गोळे येतात. बंद करू का?" ठाण्यात गोखले रोडवरच्या आमच्या औषधांच्या दुकानात थायरॉइडच्या गोळीबद्दल हा प्रश्न रोजचाच. परस्पर बंद करू नका. थायरॉइड कमी पडलं की स्नायू आखडतात, पेटके येतात, हातांना मुंग्या येतात. बहुतेक वेळा हे दुखणं गोळीचं नसून आजाराचं असतं. डोस ठरल्यावर टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉइड कमी पडलं की चढतो) जागेवर यायला ६ ते ८ आठवडे लागतात, अंगदुखी त्याहून सावकाश जाते. दुखण्यासोबत धडधड, हातांना थरथर असेल तर डोस जास्त होत असेल, डॉक्टरांना सांगा.

खरा घोळ डबीत होतो. दुखतंय म्हणून कॅल्शियम सुरू होतं. घरचं कुणीतरी रविवारी आठवड्याची डबी भरतं आणि 'सकाळ'च्या कप्प्यात थायरॉइडच्या गोळीशेजारी कॅल्शियमही टाकतं. दोन्ही एका घोटात पोटात! कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच अडकवतं, रक्तात ते पुरतं उतरत नाही. टीएसएच चढतो, दुखणं तसंच, आणि बिचाऱ्या गोळीला बोल. लोहाच्या आणि ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्यांचंही तेच. मध्ये ४ तास जाऊ द्या. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, नुसत्या पाण्याशी. चहा अर्ध्या-एक तासाने, लोकल गाठायची असली तरी. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर.

केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही अंग दुखतं, तीही डॉक्टरांच्या कानावर घाला. सांधा सुजून गरम झाला किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

चिठ्ठीशिवाय पेनकिलर देत नाही म्हणून काही जण रागावतात. रागवा, पण महिनोन्‌महिने ती खाऊन जठर आणि मूत्रपिंड बिघडवण्यात आमचा हात नको. थायरॉइडच्या गोळीची कंपनीही आम्ही आपणहून बदलत नाही. बाटली संपत आली की फोन करा, तुमचीच कंपनी मागवून ठेवतो. नौपाडा-पाचपाखाडीत घरपोच देतो.

येताना डबी आणि सगळ्या चिठ्ठ्या आणा. कोणती गोळी कधी, याची लेबलं लावून देतो, पैसे नाहीत. फक्त संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत नको.