एकाच नावाची दोन कार्डं : ऑफिसातून निघालेल्या कॉम्प्युटरवर नवे गेम खेळण्याची पार्श्वभूमी

विदर्भातल्या आर्णी, दारव्हा, दर्यापूर, हिंगणघाट अशा गावांत गेम खेळायला म्हणून आज जो डेस्कटॉप घेतला जातो, तो अनेकदा कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला असतो. चौथ्या ते आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, बारीक डब्याचा सीपीयू आणि आत कंपनीचाच एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. सोयाबीन विकलं की दिवाळीच्या आसपास नागपूरच्या सीताबर्डीतून किंवा ऑनलाइन तो मागवला जातो. सौदा वाईट नसतो. खरी अडचण त्यात कोणतं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा वेगळा भाग) बसवायचं इथे येते. पोट्टे महिनोन्‌महिने पैसे जमवतात, कार्डाचं नाव पाठ करतात, आणि घरी आलेलं कार्ड व्हिडिओत पाहिलेल्या कार्डाच्या निम्म्या वेगानेही चालत नाही. कार्ड खोटं नसतं, दुकानदारानेही दरवेळी फसवलेलं नसतं. गेल्या दहा-बारा वर्षांत स्वस्त कार्डांबाबत जे निर्णय झाले, त्यांचा हा परिणाम आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि तालुक्याच्या गावोगावी कॉम्प्युटर क्लास उभे राहिले. तिथल्या मशिनवर ग्राफिक्स मदरबोर्डमध्येच असे. २००३ चा व्हाइस सिटी हा गेम त्यावर चालायचा. पुढच्या गेमांना पिक्सेल शेडर (रंग-उजेडाचा हिशेब करणारी ग्राफिक्स चिपमधली सोय) लागायला लागला आणि ते उघडेनासे झाले. मग स्विफ्टशेडरसारखं सॉफ्टवेअर टाकून ग्राफिक्सचं काम प्रोसेसरवर ढकलायचं आणि अडखळत का होईना खेळायचं, असं पोरं करत. भारनियमनाच्या त्या वर्षांत लाइन तासन्‌तास नसायची, त्यामुळे ज्या नेट कॅफेकडे जनरेटर तिथे गर्दी.

कार्डं आली तीही त्याच सुमारास : ८४०० जीएस, मग जीटी २१०, मग जीटी ६१०. ती नावाने कमी आणि मेमरीच्या आकड्याने जास्त विकली गेली. ‘एक जीबीचं कार्ड’, ‘दोन जीबीचं कार्ड’ असंच दुकानात विचारलं जाई आणि भावही त्यावरच ठरे. कार्डाची ताकद चिपमधल्या कोअरवर (हिशेब करणाऱ्या छोट्या भागांवर) आणि चिप व मेमरी यांच्यामधल्या वाटेच्या रुंदीवर अवलंबून असते, नुसत्या जीबीवर नसते. पण ही सवय पडली ती पडलीच, आणि कंपन्यांनी पुढे जे केलं ते या सवयीमुळेच खपलं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स ७५० टीआय आलं. आपल्याकडच्या मशिनचा विचार केला तर मला ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना वाटते. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. त्याहून जास्त लागलं तर एसएमपीएसमधून ६ किंवा ८ पिनची वेगळी वायर लावावी लागते, आणि ऑफिसच्या सीपीयूमध्ये ती वायर बहुधा नसते. तिथला एसएमपीएस २४०-२९० वॅटचा. तो बदलावा म्हटलं तर अनेक कंपन्यांच्या बोर्डाला नेहमीच्या २४ पिनऐवजी ६ किंवा ८ पिनचा स्वतःचा सॉकेट असतो, म्हणजे कन्व्हर्टर शोधा, बारीक डब्यात न मावणारा एसएमपीएस बाहेर टेबलावर ठेवा. ७५० टीआय ६० वॅटमध्ये चालायचं. वायर नको, एसएमपीएस बदलायला नको, स्लॉटमध्ये बसवलं की झालं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच जागी जीटीएक्स १०५० टीआय आलं : ४ जीबी, ७५ वॅट. एप्रिल २०१९ मध्ये जीटीएक्स १६५०. या तीन कार्डांनी जुन्या ऑफिस कॉम्प्युटरला गेमिंगच्या लायकीचं केलं. २०१५ चा जीटीए फाइव्ह १०५० टीआयवर व्यवस्थित चालतो आणि विदर्भातल्या कित्येक घरांत आजही तेवढ्यासाठीच ते कार्ड आहे.

आता नावांचा प्रश्न. तो जुना आहे. २०१४ मध्येच जीटी ७३० या एका नावाखाली तीन वेगळी कार्डं बाजारात होती. एकात जुनी ९६ कोअरची चिप, दुसऱ्यात ३८४ कोअर पण संथ डीडीआर३ मेमरी, तिसऱ्यात तेच ३८४ कोअर आणि वेगवान जीडीडीआर५. ४ जीबी डीडीआर३ वालं २ जीबी जीडीडीआर५ वाल्यापेक्षा हळू. ‘किती जीबी’ विचारणाऱ्या गिऱ्हाइकाने मोठा आकडा बघून हळू कार्ड घेतलं, ते असं. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आवृत्तीत नुसती मेमरी कमी नव्हती, कोअरही १२८० वरून ११५२ वर आणलेले होते, आणि नाव तेच. २०१७ मध्ये एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या आरएक्स ५६० मध्ये १०२४ कोअरऐवजी ८९६ कोअरची आवृत्ती त्याच नावाने निघाली.

पण ज्या निर्णयाने गावाकडच्या गिऱ्हाइकाचं सर्वांत जास्त नुकसान केलं असं मी मानतो, तो जीटी १०३० चा. हे कार्ड मे २०१७ मध्ये आलं. ३० वॅट, लहान, बारीक डब्यात बसणारं, स्वस्त. २ जीबी जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला ४८ जीबी डेटा वाहून नेण्याची क्षमता. हलक्या गेमांना पुरेसं, त्यामुळे सगळीकडे त्याची शिफारस झाली. २०१८ मध्ये त्याच नावाने दुसरं कार्ड निघालं. कोअर तेवढेच ३८४, मेमरीही २ जीबीच, फक्त ती आता डीडीआर४. डेटाची क्षमता ४८ वरून १६.८ जीबीवर आली. विहीर तीच, मोटर तीच, पाइप मात्र एक तृतीयांश. बहुतेक गेमांत वेग जवळजवळ निम्मा झाला.

एनव्हिडियाच्या बाजूने सांगितलं जाणारं कारण ऐकून घ्यायला हवं. त्या काळात मेमरीचे भाव चढलेले होते, क्रिप्टो चलनाचं खाणकाम करणाऱ्यांनी (म्हणजे कार्डांवर गणितं चालवून ते चलन मिळवणाऱ्यांनी) कार्डं उचलली होती, आणि स्वस्त कार्ड बाजारात टिकवायचं तर स्वस्त मेमरी घालणं भाग होतं. खोक्यावर डीडीआर४ असं छापलेलं असतं, लपवलेलं काही नाही, असंही म्हटलं जातं. पहिला मुद्दा मला पटतो. दुसरा अजिबात पटत नाही. खोका हातात घेऊन वाचणारा माणूस नागपुरात आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या गावातून फोनवर ‘जीटी १०३० द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात खोका पैसे दिल्यावर येतो. त्याने अभ्यास केलेला असतो, व्हिडिओ पाहिलेले असतात, पण ते सगळे २०१७ च्या कार्डाचे. डीडीआर४ हे डीडीआर३ नंतरचं, म्हणजे नवं आणि चांगलं असावं, असाच अर्थ कोणीही शहाणा माणूस लावेल. त्या कार्डाला १०२० म्हटलं असतं तर कोणाचीच तक्रार नव्हती.

हे कंपनीला कळत नव्हतं म्हणावं, तर २०२२ ची घटना तसं म्हणू देत नाही. २० सप्टेंबरला आरटीएक्स ४०८० ची दोन कार्डं जाहीर झाली, १६ जीबी आणि १२ जीबी. १२ जीबीवाल्यात चिपच वेगळी, कोअर ९७२८ ऐवजी ७६८०. किंमत ८९९ डॉलर. जगभरातून ओरड झाली आणि १४ ऑक्टोबरला कंपनीने नाव बरोबर दिलेलं नाही हे मान्य करून ते कार्ड विक्रीला येण्याआधीच मागे घेतलं. तेच पुढे जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय नावाने ७९९ डॉलरला आलं. महागड्या कार्डाची चूक तीन-साडेतीन आठवड्यांत दुरुस्त झाली. तीच चूक स्वस्त कार्डात २०१८ पासून होती, तिला कोणी हात लावला नाही. ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे, त्याच्या कार्डाची चौकशी सर्वांत कमी, हे मला अन्यायाचं वाटतं.

दरम्यान भावांनी दोनदा उसळी मारली. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये क्रिप्टोच्या खाणकामामुळे कार्डं मिळेनाशी झाली. दुसऱ्या वेळी लॉकडाउन होता, पोरं घरी, ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला कॉम्प्युटर समोर, आणि जुनं १०५० टीआयसुद्धा मूळ किमतीच्या वर. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं खाणकाम थांबलं तेव्हा वापरलेल्या कार्डांचा पूर आला, त्यात आरएक्स ५८० खूप. तिथेही नावाची तीच गोम : ‘५८० २०४८एसपी’ म्हणून जे विकलं जातं ते मुळात २३०४ कोअरचं ५८० नाहीच, ताकदीने ५७० च्या बरोबरीचं आहे. शिवाय ५८० ला १८५ वॅट आणि ८ पिनची वायर लागते. स्वस्तात मिळालं म्हणून आणलेलं कार्ड ऑफिसच्या सीपीयूत लागत नाही आणि एसएमपीएसचा खर्च वेगळाच बसतो.

जानेवारी २०२२ मध्ये एएमडीने आरएक्स ६५०० एक्सटी आणि पाठोपाठ आरएक्स ६४०० काढलं. ६४०० ला वायर लागत नाही, ५३ वॅटमध्ये चालतं, बारीक डब्यातही बसतं. कागदावर आपल्यासाठीच बनवलेलं. पण दोन्ही कार्डं मदरबोर्डशी सोळाऐवजी फक्त चार लेनने (डेटा ये-जा करणाऱ्या वाटांनी) बोलतात. चौथ्या पिढीच्या पीसीआयई स्लॉटवर (कार्ड बसतं त्या लांब स्लॉटवर) ते निभावतं. ऑफिसच्या जुन्या मशिनमध्ये स्लॉट तिसऱ्या पिढीचा, एच८१ चिपसेटच्या बोर्डावर तर दुसऱ्याच पिढीचा, म्हणजे तीच चार लेनची वाट निम्मी किंवा पाव. ४ जीबी मेमरी भरली की गेम झटके खायला लागतो. याच कंपनीने २०२० मध्ये ४ जीबी आता अपुरी पडते असं स्वतः लिहिलेलं होतं. वर व्हिडिओ एन्कोडरही काढून टाकलेला, म्हणजे आपला खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्या पोरांना ते काम प्रोसेसरवर टाकावं लागतं.

विदर्भातल्या हवेचाही या निवडीत वाटा आहे, आणि तो कुठल्या चाचणीत दिसत नाही. चाचण्या पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत रात्रीही चाळिशीच्या आसपास असतो. चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं, आणि ऐंशीच्या वर गेलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. जिनिंगच्या गावांत कापसाचा बारीक तंतू हीट सिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांत अडकून बसतो. हंगाम संपल्यावर पंखा काढून ब्रशने साफ केला नाही तर हवा जातच नाही. रब्बीत पंप सुरू असताना व्होल्टेज पडतं ते वेगळं. म्हणून कमी वॅटचं कार्ड इथे नुसतं स्वस्तच पडत नाही, ते टिकतंही.

या सगळ्याच्या शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये आरटीएक्स ३०५० ६ जीबी आलं. ७० वॅट, वायर नको, काही कंपन्यांच्या मॉडेलांत बारीक डब्यात बसवायची पट्टीही मिळते. जुन्या ऑफिस सीपीयूसाठी आज मी याच कार्डाचं नाव घेईन. पण जानेवारी २०२२ च्या ८ जीबीवाल्या ३०५० मध्ये २५६० कोअर आहेत, यात २३०४. डेटाची क्षमता तिथे २२४ जीबी, इथे १६८. म्हणजे पुन्हा एक नाव, दोन कार्डं. फरक इतकाच की या वेळी हळू असलेलंच कार्ड आपल्या कामाचं आहे : ८ जीबीवाल्याला १३० वॅट आणि वेगळी वायर लागते.

नव्या गेमांनी आता आणखी एक रेघ ओढली आहे. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स आणि मे २०२५ चा डूम द डार्क एजेस हे गेम रे-ट्रेसिंगचं (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करणारं) हार्डवेअर असल्याशिवाय चालतच नाहीत, मग सेटिंग कितीही खाली आणा. जीटीएक्स नावाची सगळी कार्डं तिथे बाद होतात. ऑक्टोबर २०२५ नंतर ७५० टीआय आणि १०५० टीआयच्या पिढ्यांना नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बंद झाले, आता फक्त सुरक्षेचे येतात. त्याच महिन्यात विंडोज १० ची नेहमीची मुदत संपली, आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह असेल तर त्यात एव्हीएक्स२ (प्रोसेसरला समजणाऱ्या नव्या सूचनांचा संच) नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय उघडत नाहीत. तिथे कार्डावर पैसे घालण्याआधी मशीन बदललेलं बरं.

फोनवर कार्ड मागवणाऱ्याने नावापुढे तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : मेमरी कुठल्या प्रकारची, कोअर किती, वायर लागते का. दुकानदाराला सांगता येत नसेल तर खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवावा आणि तो पाहूनच पैसे पाठवावेत.