कंपनीतलं जुनं ग्राइंडिंग व्हील घरी नेताय? आधी एवढं वाचा

आमच्या भोसरीच्या दुकानाबाहेर चाकांचा जो ढीग दिसतो ना, तो सगळा कारखान्यांतून भंगारात निघालेला माल, आणि रोज कोणीतरी विचारतंच की चाक अर्धं शिल्लक आहे मग कंपनीने टाकलं का. चाक झिजून लहान झालं की त्याच आरपीएमला कडेचा स्पीड कमी पडतो, मग ते मऊ असल्यासारखं पटापट झडतं, फिनिश बिघडतो, आणि प्रॉडक्शनवाल्यांना ते परवडत नाही. मटेरियल मात्र झकास असतं.

पण म्हणून दिसलं चाक की लाव ग्राइंडरला, असं करू नका राव. 350 एमएमची, मधे 127 एमएमचं भोक असलेली चाकं घरच्या मशीनची नाहीतच. ती बहुतेक 33 मीटर पर सेकंदला बनवलेली असतात, म्हणजे 1800 च्या आसपास आरपीएम, आणि तुमचा बेंच ग्राइंडर फिरतो 2800 च्या वर, चाक झिजून 250 झालं तरी कडेला 37 मीटर होतात. त्या भोकात लाकडाचा ठोकळा ठोकून चाक बसवलेलं आम्ही बघितलंय. हात जोडतो, नको.

घरी चालतं ते सरफेस ग्राइंडरवरचं, म्हणजे सपाट पृष्ठभाग घासायच्या मशीनवरचं चाक. नवं 200 चं, भोक 31.75, झिजून 150-160 झालेलं. व्यवस्थित बुश (भोक शाफ्टच्या मापाचं करणारी रिंग) घातला, तुमच्या गार्डमधे बसलं आणि त्यावर छापलेला आरपीएम मशीनपेक्षा जास्त असला तर छान काम देतं. छापील मजकूर पुसलाय? मग ते मशीनवर नाही.

आता वाजवून बघणं. चाक कोरडं करून भोकातून बोटावर लटकवा, स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने कडेपासून दोन बोटं आत, मधल्या उभ्या रेषेच्या डावी-उजवीकडे हलकेच टिचकी मारा, मग चाक थोडं फिरवून परत. टण्ण असा स्वच्छ आवाज आला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा बद्द आला तर ते गेलं. कूलंट (घासताना मशीनवर सोडतात ते थंड करायचं पाणी) प्यालेलं चाकही बद्दच वाजतं, ते उन्हात नीट वाळवून मग परत वाजवायचं. बेकेलाइटचं, म्हणजे रेझिनने कण जोडलेलं चाक असं खणखणत नाही, त्यामुळे ही परीक्षा तिथे चालत नाही आणि जुनं बेकेलाइट आम्ही फिरवायला देतच नाही. एकदा घाईत मीच न वाजवता चाक चढवलं होतं, मिनिटभरात फुटलं आणि तुकडा पत्र्याला भोक पाडून गेला, ते भोक अजून आहे, या बघायला.

बसवताना दोन्ही फ्लँज (चाक दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या धातूच्या थाळ्या) एकाच मापाच्या, चाकाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश, मधे पुठ्ठ्याच्या चकत्या. नट फार आवळायचा नाही. टूल रेस्ट (काम टेकवायचा आधार) चाकापासून 3 एमएमच्या आत. चालू करताना बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरू द्या, गॉगल लावूनच. ॲल्युमिनियम, पितळ घासू नका, चाक भरतं, म्हणजे कणांमधे धातू अडकून बसतो. आणि साध्या चाकाची बाजू वापरायची नाही, फक्त कड.

बाकी सगळी चाकं हातात धरायची, आणि खरं सांगू का, मजा त्यातच आहे. गोणपाटात गुंडाळून हातोड्याने फोडा, गॉगल आणि मास्क हवाच. तुकड्याची एक बाजू जुन्या फरशीवर सिलिकॉन कार्बाइडची पावडर आणि पाणी टाकून घासून सपाट केली की झाला धार लावायचा दगड. पांढरा किंवा गुलाबी, 60 नंबरचा (नंबर लहान तितके कण जाड) तुकडा कोयता, खुरपं, विळीला, 120 चा सुरीला. हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा तुकडा फेकू नका, भरलेलं चाक साफ करायला त्याच्यासारखं काही नाही. कूलंटचा वास मारत असेल तर भांड्याचा साबण आणि तारेचा ब्रश.

तुकडे आम्ही किलोवर देतो, मशीनवरचं चाक तुमच्यासमोर वाजवूनच. येताना ग्राइंडरच्या नेमप्लेटचा फोटो आणि शाफ्टचं माप आणा. गुरुवारी दुकान बंद.