फॅटी लिव्हर आणि व्हिटॅमिन ईची गोळी

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ आलं की कुणीतरी सांगतंच: व्हिटॅमिन ई घे, अँटिऑक्सिडंट आहे, लिव्हर साफ होतं. ही समजूत अगदीच हवेतली नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘पिव्हेन्स’ चाचणीत रोज ८०० युनिट घेणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांचं यकृत सुधारलं. औषध नसलेल्या गोळीवर १९ टक्क्यांचं. पण ते रुग्ण मधुमेह नसलेले आणि बायोप्सीत यकृताला सूज आढळलेले होते. शिवाय ९६ आठवड्यांनंतरही फायब्रोसिसमध्ये, म्हणजे यकृतात व्रण पडून ते कडक होण्याच्या खऱ्या धोक्याच्या गोष्टीत, ठोस फरक नव्हता. उलट ‘सिलेक्ट’ चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. वजन ७ ते १० टक्के उतरलं, तर चरबीबरोबर सूजही ओसरते. पण ते बाटलीत मिळत नाही ना!