मोटर काढायची तर युनियन हवंच

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने सुटतं. त्यामुळे जुळे सोलापूर असो की अक्कलकोट रोड, अनेक घरांत खाली हौद, गच्चीवर टाकी आणि मधे मोटर असतेच. ही मोटर कधी ना कधी दुरुस्तीला न्यावी लागते. प्लंबर आधी पाइपावर युनियन, म्हणजे नट सोडून उघडता येणारा जोड, शोधतो. नसेल तर करवत काढतो.

दोन पाइप जोडणाऱ्या साध्या नळीने, म्हणजे कपलिंगने, का भागत नाही? लोखंडी पाइपाच्या साध्या कपलिंगला दोन्हीकडून उजवेच आटे असतात. नवी लाइन टाकताना एकेक पाइप फिरवत पुढे सरकता येतं. पण दोन्ही टोकं पक्की झाली की मधला पाइप अडकला! कुठल्याही दिशेला फिरवा, तो एका टोकाला सुटताना दुसऱ्या टोकाला आवळत जातो. युनियनमध्ये हा पेच नाही. त्याचे दोन तुकडे दोन पाइपांवर बसतात आणि मधला नट त्यांना एकमेकांवर दाबतो. नट एकटाच फिरतो, पाइप जागचा हलत नाही.

इथेच एक गैरसमज आहे, की युनियनच्या नटाचे आटेच पाणी अडवतात. पाइपाच्या टोकाचे आटे किंचित निमुळते असतात, 16 मिलिमीटर लांबीत व्यास 1 मिलिमीटरने बदलतो. ते आवळताना पाचरीसारखे बसतात, उरलेली फट टेफ्लॉन टेप भरते. युनियनच्या नटाचे आटे मात्र पाणी अडवतच नाहीत, त्यांचं काम फक्त दाबण्याचं. पाणी अडतं ते आतल्या सीटवर, म्हणजे दोन तुकडे एकमेकांना टेकतात त्या कडेवर, प्लास्टिकच्या युनियनमध्ये रबरी रिंगवर. म्हणून नटावर टेप गुंडाळणं म्हणजे टेप वाया घालवणं. युनियन गळत असेल तर पान्ह्यावर जोर काढण्याआधी ते उघडून सीट पुसा, रिंग पिळली आहे का पाहा. दोन्ही पाइप एका रेषेत नसतील तर कितीही आवळा, गळणारच.

हौदाकडच्या बाजूला गळती दिसतही नाही. मोटर पाणी ओढते तेव्हा त्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे सैल युनियनमधून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. मोटर फिरते, टाकी मात्र भरत नाही, आणि दोष बिचाऱ्या मोटरीला जातो.

सीपीव्हीसीचं, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाचं, कपलिंग तर उघडतच नाही. ते चिकटवायचं सोल्युशन दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि ते सुकल्यावर दोन तुकड्यांचा एकच होतो. शिवाय हे प्लास्टिक उन्हाने बरंच वाढतं. तापमान 30 अंशांनी चढलं तर 10 मीटरची सरळ लाइन सुमारे 2 सेंटिमीटर लांबते, लोखंडाची 4 मिलिमीटरही नाही. गच्चीवर वळण न देता ताणून बसवलेली लाइन सोलापूरच्या मे महिन्यात सांध्यांनाच रेटते, आणि तिथे युनियनही कामाचं नाही.

मोटरीच्या दोन्ही बाजूंना एकेक युनियन हवं, भिंतीत न गाडता, पान्हा फिरेल अशा जागी. टाकीच्या उतरत्या लाइनवर आधी व्हॉल्व्ह आणि मग युनियन. उलट बसवलं तर ते उघडताना अख्खी टाकी रिकामी होईल, आणि नळाला पाणी सुटायला अजून दोन दिवस असतील.