निवृत्त ग्रेहाउंडला मोकळे रानच हवे का?

ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या ग्रेहाउंडला दिवसभर पळायला मोकळे रान लागते आणि म्हणून शर्यतीतून निवृत्त झालेला असा कुत्रा फ्लॅटमध्ये पाळणे हा त्याच्यावर अन्यायच ठरतो, हा समज फार जुना असला तरी निखालस चुकीचा आहे. या जातीच्या शरीराची घडण थोड्या वेळाच्या वेगवान धावेसाठी आहे. शर्यत जेमतेम अर्ध्या मिनिटात संपते आणि उरलेला बहुतेक दिवस हा प्राणी झोपून काढतो. प्रौढ कुत्र्याला रोज दोन-तीनदा शांतपणे फिरवून आणणे सहसा पुरते.

मकाऊचे कॅनिड्रोम हे ग्रेहाउंड शर्यतींचे मैदान जुलै 2018 मध्ये बंद झाले, तेव्हा मागे उरलेल्या 500 हून अधिक ग्रेहाउंडसाठी 'अनिमा' या संस्थेने देशोदेशी घरे शोधली. अशा वेळी केवळ अंगण नाही म्हणून एखाद्या प्रेमळ कुटुंबाने माघार घ्यावी, याचे फार वाईट वाटते.

काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टींची. शर्यतीच्या आवारात वाढलेल्या यांपैकी अनेक कुत्र्यांनी जिना किंवा काचेचे दार कधी पाहिलेलेच नसते, त्यामुळे पहिले काही दिवस त्यांना हळूहळू, धीराने शिकवावे लागते. अंगावर चरबी कमी आणि कातडी पातळ असल्याने मऊ अंथरूण, तर थंडीत अंगावर झूल हवी. शिवाय नजरेने शिकार हेरणारी ही जात समोर मांजर पळताना दिसले की हाकेला ओ देईलच असे नाही. म्हणून कुंपण नसलेल्या जागी पट्टा सोडू नये.