‘सीझन्स इन द सन’: मिशेलच्या आधीची बायको

‘सीझन्स इन द सन’ हे इंग्रजी गाणं म्हटलं की कुणाला गायक टेरी जॅक्स आठवतो, कुणाला आयरिश बँड वेस्टलाइफ. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस मित्राचा, वडिलांचा आणि लाडक्या मिशेलचा निरोप घेतो. ऐकताना गळा दाटतो आणि ओठांवर चालही येते. पण मूळ गाणं इतकं मवाळ नव्हतं.

बेल्जियमचा गायक-गीतकार जाक ब्रेल यानं ते १९६१ साली फ्रेंचमध्ये गायलं, ‘ल मोरिबाँ’ (मरणासन्न माणूस) या नावानं. त्यात निरोप चौघांचा आहे: मित्र एमिल, पाद्री, आंत्वान आणि बायको. हा आंत्वान बायकोचा प्रियकर. आपण चाललो आणि हा धडधाकट राहणार, याचा जळफळाट ब्रेल जराही लपवत नाही. तरी त्यालाच म्हणतो, तू तिचा प्रियकर होतास, तेव्हा तिला सांभाळशीलच. आणि बायकोला? मी डोळे मिटून जातोय, तुझ्यापायी अनेकदा मिटले होतेच की. ध्रुपदात तर हुकूमच आहे: मला खड्ड्यात ठेवाल तेव्हा हसा, नाचा, धमाल करा.

अमेरिकी कवी रॉड मक्यूएननं साठच्या दशकात त्याचं इंग्रजी केलं. ऊन, ऋतू, बालपणीच्या आठवणी त्याच्याच. बायकोची बेइमानी मात्र त्यानं ठेवली. तिचं नाव फ्रांस्वाज. किंग्स्टन ट्रिओ या अमेरिकी लोकसंगीत गटानं तेच रूप गायलं.

कॅनडाचा टेरी जॅक्स १९७० मध्ये बीच बॉइज या अमेरिकी बँडकडून हे गाणं ध्वनिमुद्रित करून घेत होता, पण त्यांनी ते बाजारात आणलंच नाही. मग त्यानं ते स्वतः गायलं. त्याच्या एका जवळच्या मित्राला ल्युकेमिया झाला होता. ते दुःख मनात असताना फसवणुकीचं कडवं त्याला नको वाटलं असेल, तर ते मी समजू शकतो. फ्रांस्वाज गेली, मिशेल आली. गीतकार म्हणून नावं मात्र ब्रेल आणि मक्यूएन यांचीच राहिली.

मार्च १९७४ मध्ये हे गाणं अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, नंतर ब्रिटनमध्येही पोचलं. ब्रेल १९७८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला, वयाच्या ४९व्या वर्षी.

जॅक्सचं गाणं मला मनापासून आवडतं. तरीही वाटतं, माफ करणंही अवघड आणि सोडून जाणंही अवघड, अशा माणसाचा निरोप ब्रेलनं जसा घेतला, तसा फार थोड्या गाण्यांत सापडतो. वेस्टलाइफचं रूप १९९९ च्या नाताळात ब्रिटनमध्ये अव्वल ठरलं, तेही मिशेलसकटच.